बेणं कुणाचं, चाल कुणाची

मागं एका निवडणुकीच्या वेळची गोष्ट. सकाळची धार काढायला गोठ्यात बसलो होतो. गल्लीतनं प्रचाराची रिक्षा आली. निवडणुकीच्या दिवसांत असल्या रिक्षा दहादा येतात, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. पण दुसऱ्या कडव्याला माझा हात थांबला. म्हशीनं मागं वळून बघितलं. भोंग्यावर वाजत होतं ते गाणं माझं होतं.

ते मी ऊस दराच्या आंदोलनात लिहिलं होतं, त्याला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती. कारखान्याच्या गेटवर पोरं रात्र-रात्र बसायची. शेकोटीभोवती नुसत्या घोषणा देऊन घसे बसले, तेव्हा कुणीतरी म्हणालं, 'तात्या, एखादं गाणं तरी लिवा.' मी तिथंच बिलाच्या पावतीच्या पाठीवर चार कडवी लिहिली. उसाची तोड, काट्यावरचं वजन, रखडलेलं बिल, सोसायटीचं व्याज, सगळं त्यात आलं. शेवटच्या कडव्यात आमच्या गावाचं नाव आणि माझं नाव घातलं, जुने शाहीर घालायचे तसं. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून जाताना आमच्या ट्रॉलीत तेच गाणं चालायचं.

आता भोंग्यावर त्याच चार कडव्यांतली तीन होती. चौथ्या कडव्यात माझं नाव होतं त्या जागी उमेदवाराचं नाव बसवलं होतं. मात्रा सुद्धा बरोबर बसत होती. ज्यानं बसवलं त्याला कानाची जाण होती, हे कबूल करायला पाहिजे.

चहा न घेता मी प्रचार कार्यालयात गेलो. तिथं एक तरणं पोरगं मोबाईल घेऊन बसलं होतं. मी सांगितलं, गाणं माझं आहे, नाव काढलंय ते परत घाला. पोरगं उर्मट नव्हतं. उठून मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणालं, 'काका, शब्द तुमचं असतील, मी न्हाई म्हणत न्हाई. पण चाल तर बुगडीची हाय. ती तुम्ही कुणाला इचारून घेतलीसा?'

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि घरी आलो.

ती चाल १९५९ सालच्या 'सांगत्ये ऐका' मधल्या बुगडीच्या लावणीची होती. मी लहानपणापासून ऐकत आलेली, ओठावर आपसूक येणारी. मी कुणालाच विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. त्याहून लाजेची गोष्ट म्हणजे ती चाल कुणाची, हेही मला सांगता आलं नसतं. आमच्यासाठी ते आशाताईंचं गाणं. फार तर कुणी गदिमांचं नाव घेईल. चाल बांधणारे वसंत पवार आमच्या कोल्हापूरचेच, हे मला त्या पोराच्या प्रश्नानंतर शोधायला गेल्यावर कळलं. म्हणजे माझं नाव काढलं म्हणून मी भांडायला गेलो, आणि ज्याच्या चालीवर मी उभा होतो त्याचं नाव मी कधी घेतलंच नव्हतं.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातनं गेला नाही. गाण्यात उसनं कुठं संपतं आणि चोरी कुठं सुरू होते? रागदारीतलं मला काही कळत नाही, शिक्षण दहावीपर्यंतचं. पण उसनं, पैरा आणि चोरी यातला फरक शेतकऱ्याला शाळेत शिकवावा लागत नाही.

आमच्या उसाचंच बघा. लावण करायची म्हटल्यावर बेणं कुणीतरी दुसऱ्याच्याच रानातनं आणतो. त्यात कमीपणा नाही. पण बांधावरनं जाणारा पहिला प्रश्न विचारतो, 'बेणं कुणाचं?' आणि आपण सांगतो, अमक्याच्या रानातलं. को ८६०३२ हे नाव आमच्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ आहे. त्यातला 'को' म्हणजे कोइमतूर. ऊस आमच्या पंचगंगेकाठी वाढतो, गूळ आमच्या गुऱ्हाळात होतो, पण नावात कोइमतूर राहिलंच. ते पुसून कुणी आपल्या गावाचं नाव लावलं नाही.

माझी आत्ती जात्यावर बसली की ओव्या गायची. निरक्षर बाई. पण एक ओवी झाली की दळणाची मूठ घालता घालता सांगायची, 'ही माझी न्हवं बरं का. ही माझ्या नणंदेच्या सासूची.' मी एकदा विचारलं, 'आत्ती, ती म्हातारी तर कवाच मेली, तिला काय कळतंय?' आत्ती म्हणाली, 'तिला न्हाई कळत. मला कळतंय न्हवं!' आत्ती त्या ओव्यांत फेरफारही करायची. भावाचं नाव बदलायची, गाव बदलायची, एखादी ओळ आपली घालायची. पण कुठली ओळ आपली आणि कुठली आणलेली याचा हिशेब तिच्याजवळ पक्का असायचा.

मला वाटायचं ही एकट्या आत्तीची सवय. पुढं वाचनात आलं की गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या, आणि ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं गाव लिहून ठेवलं. नाहीतर या ओव्यांवर 'पारंपरिक' असा एकच शिक्का मारून मोकळं होता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. आत्तीनं केलं असतं तेच त्यांनी कागदावर केलं.

मराठी रंगभूमीनं तर उसनवारी उघड्या अंगणात केली. आमच्या वाचनालयात 'सौभद्र'चं एक फाटकं पुस्तक होतं. गावच्या नाटकासाठी ते कितीदा हातातनं गेलं असेल. त्यात पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'चाल' असं छापून पुढं मूळ गाण्याचे पहिले शब्द दिलेले असायचे. त्यातले काही शब्द कानडी. लहानपणी मला वाटायचं ती छपाईची चूक आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे, कानडी मुलखात वाढलेले. १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' उभं केलं, १८८२ ला 'सौभद्र'. कानात बसलेल्या कानडी चाली, साक्या, दिंड्या, लावणीची वळणं, सगळं त्यांनी घेतलं आणि घेतलं ते छापून सांगितलं. आज त्या पदांना कुणी चोरीची पदं म्हणत नाही. मराठी माणूस तर ती आपलीच मानतो.

आमच्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी १९११ च्या 'मानापमान'ला चाली दिल्या, त्या उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या. लखनौ-बनारसकडचा तो बाज मराठी नाटकात आला आणि इथलाच झाला. पुढं १९३२ साली कोल्हापुरातच प्रभातनं 'अयोध्येचा राजा' काढला, त्याचं संगीतही टेंब्यांचं आणि हरिश्चंद्रही तेच. म्हणजे मराठी बोलपटाचं गाणं जिथं सुरू झालं, तिथं नाटकातली ही उसनवारी आधीच पोचलेली होती. चाल फिरते, तिला फिरू द्यावं, असंच त्या लोकांनी मानलं. नाव तेवढं बरोबर ठेवायचं.

आणि चाल माणसांत फिरते तशी देवळातही फिरते. आमच्या भजनी मंडळाचे बुवा तुकोबांचा अभंग खुशाल पिक्चरच्या चालीवर लावायचे. म्हाताऱ्या नाकं मुरडायच्या, पोरं खूश. बुवा सुरू करायच्या आधी हसून सांगायचे, कुठल्या पिक्चरची चाल आहे ते. अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' यायचंच. चाल कुणाची ते बुवांनी सांगितलं, शब्द कुणाचे ते तुकोबांनी स्वतःच सांगून ठेवलेलं. अशा ठिकाणी चोरीला जागाच राहात नाही.

त्या 'तुका म्हणे'चा मी अलीकडं फार विचार केला. छापखाना नव्हता, कायदा नव्हता, तेव्हा कवीनं आपलं नाव शेवटच्या कडव्यातच पेरून ठेवलं. शाहिरांनीही तेच केलं. होनाजी बाळा हे नाव आपण एका दमात घेतो, पण ती माणसं दोन. होनाजी शिलारखाने हा कवनं रचणारा गवळी, आणि बाळा कारंजकर हा त्याच्या जोडीचा गाणारा. रचणाऱ्याबरोबर गाणाऱ्याचंही नाव टिकलं, इतका त्या नामुद्रेचा जोर. १९५१ साली शांतारामबापूंनी 'अमर भूपाळी' काढला, तेव्हा होनाजी जाऊन शंभरावर वर्षं झाली होती, तरी भूपाळी कुणाची हे शोधायला लागलं नाही.

नामुद्रा हा गाण्याचा बांध आहे. आमच्याकडं रान चोरणारा सात-बारा पळवत नाही. तो दर वर्षी नांगरताना बांधाला एक तास जास्त घालतो. बांध कोरत कोरत जातो. दहा वर्षांनी बघावं तर चार सऱ्या त्याच्या झालेल्या असतात. माझ्या गाण्याचं तेच झालं. तीन कडवी तशीच ठेवली आणि नेमकं नावाचं कडवं कोरलं. त्या पोराला माझे शब्द पाहिजे होते यात मला वाईट वाटलं नाही. उलट आतनं थोडं बरंच वाटलं असेल. वाईट वाटलं ते नाव काढताना त्याला एकदाही अडखळायला झालं नाही याचं.

जगातही असंच चालतं. दक्षिण आफ्रिकेत सॉलोमन लिंडा नावाचा एक झुलू गायक होता. १९३९ साली त्यानं जोहान्सबर्गला आपल्या साथीदारांबरोबर 'म्बुबे' हे सिंहाचं गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि त्याचे हक्क किरकोळ रकमेला गेले. ते गाणं अमेरिकेत गेलं, शब्द बदलले, १९६१ ला तिथं तुफान गाजलं, पुढं डिस्नेच्या 'लायन किंग'मध्ये आलं. लिंडा १९६२ साली गरिबीतच गेला. त्याच्या लेकींना कोर्टात जावं लागलं आणि २००६ साली तडजोड होऊन काही पैसा मिळाला. मधल्या काळात बऱ्याच लोकांना ते आफ्रिकेचं लोकगीत वाटत होतं. लोकगीत म्हटलं की मालक कुणी नाही, असं सोयीस्कर गणित.

आपल्या शेजारी गोव्यातही तेच. नदीपल्याड लग्नाला जायला निघालेली नाचणारीण नावाड्याला विनवते, अंगावरचा दागिना द्यायला तयार होते, अशी एक कोंकणी देखणी आहे. १९७३ च्या 'बॉबी'मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी तिची चाल घेतली आणि सबंध देश त्यावर नाचला. आम्हीही गॅदरिंगला नाचलो. विचारलं तर सगळे सांगतील, गोव्याचं लोकगीत. पण त्या देखणीला कर्ता आहे. कार्लोस युजिनियो फेरेरा. लोकांनी ते इतकं आपलं केलं की कर्त्याचं नावच गळालं. यात कुणी एक माणूस वाईट होता असं मला म्हणायचं नाही. पण लोकगीत हा शब्द ऐकला की आता मी जरा थांबतो. लोकांनी गायलं हे खरं, पण पहिल्यांदा कुणाच्या तरी एकाच्या तोंडातनं ते निघालं असणार.

आणि ज्याच्या तोंडातनं निघालं त्याची पत काय, यावर पुष्कळ अवलंबून असतं. सलील चौधरींनी १९६१ च्या 'छाया'मध्ये मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीवरनं गाणं बांधलं. मोझार्टचं त्यात काय गेलं? त्याचं नाव सगळ्या जगाला ठाऊक. पण आमच्या खासबागेच्या मैदानात कुस्तीला हलगी कडाडते, ती वाजवणाऱ्या माणसाचा हात उद्या कुणी स्टुडिओत नेऊन संगणकात भरला, तर पडद्यावर त्याचं नाव येईल का? हलगीचे ठेके पिढ्यान् पिढ्या ज्या घरांनी जपले, ती बहुतेक गावकुसाबाहेरची घरं. त्यांच्याकडं कागद नाही. मोठ्यानं मोठ्याचं घेतलं तर चर्चा होते, लहानानं मोठ्याचं घेतलं तर दोन दिवस गंमत होते. मोठ्यानं लहानाचं घेतलं तर त्याला पारंपरिक म्हणतात.

कायदा आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा. कर्ता गेल्यावर साठ वर्षं त्याच्या वारसाचा हक्क. २०१२ साली त्यात दुरुस्ती झाली, आणि पिक्चरसाठी गाणं दिलं तरी गीतकार-संगीतकाराच्या रॉयल्टीचा वाटा त्याच्याकडंच राहील असं ठरलं. चांगलं झालं. पण कायद्याला आधी कर्ता सापडावा लागतो, आणि कर्त्याला वकील परवडावा लागतो. आत्तीच्या नणंदेच्या सासूला यातलं दोन्ही नव्हतं.

आता उलट बाजूही बघू. काही वेळा सगळं कायद्यात बसतं, चोरीचा संबंध नसतो, तरी गाणं मरतं. अजय-अतुल यांचंच उदाहरण घेतो, कारण त्यांच्या गाण्यावर माझं प्रेम आहे. त्यांनी 'जत्रा' मधल्या 'कोंबडी पळाली'ची चाल २०१२ च्या 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली'ला दिली. 'सैराट'चं 'झिंगाट' २०१८ ला 'धडक'मध्ये हिंदीत गेलं. दोन्हीकडं संगीतकार तेच. आपल्याच रानातलं बेणं आपल्याच दुसऱ्या रानात लावलं, त्यात कोण काय बोलणार? पण 'सैराट'मधल्या 'झिंगाट'चे शब्द करमाळ्याकडच्या पोराच्या तोंडचे होते. बोलता येत नाही, म्हणून पिऊन नाचत सांगणाऱ्या पोराचे. त्या बोलीतली लाज आणि उर्मटपणा दोन्ही त्यात होतं. हिंदीत ठेका तोच राहिला, माणूस बदलला. उदयपूरच्या वाड्यात ते कुणाच्याही लग्नात वाजावं असं गाणं झालं. बेणं तेच असून उतारा पडला नाही, कारण जमीन निराळी आणि मशागतही झाली नाही.

उलट किर्लोस्करांनी परकी चाल घेतली, पण तिच्यात सुभद्रेचं रडणं-रुसणं मराठीत असं उतरवलं की चाल जणू त्यासाठीच जन्मली. म्हणून उसनं घेतलं की नाही एवढ्यावर गाणं चांगलं-वाईट ठरत नाही. उसन्याला दोन हिशेब असतात. एक, कुणाचं घेतलं ते सांगितलं का. दुसरा, घेतल्यावर आपला घाम त्यात घातला का. पहिला चुकला तर ती चोरी. दुसरा चुकला तर चोरी नाही, पण पीकही नाही.

या हिशेबात मला मी ठेवून बघितलं. माझा घाम होता. उसाचं वजन, बिल, व्याज हे बुगडीच्या लावणीत नव्हतं, ते मी माझ्या रानातनं आणलं. चाल मी लपवलीही नव्हती. उलट लोकांना ती ओळखीची म्हणूनच गाणं दोन मिनिटांत सगळ्यांच्या तोंडी बसलं. पहिल्या ओळीला पोरं हसायची ती त्यामुळेच. बरीच वर्षं मी मनाशी हेच समर्थन धरून होतो, सगळ्यांना माहीत होतं की! पण काय माहीत होतं? आशाताईंचा आवाज माहीत होता. वसंत पवारांचं नाव त्या ट्रॉलीतल्या एकालाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. सगळ्यांना माहीत आहे असं आपण म्हणतो, तेव्हा बहुधा मोठ्याचं नाव माहीत असतं आणि मागच्याचं नसतं. माझा एक हिशेब बरोबर होता आणि एक चुकला होता, असं म्हणून मी थांबतो.

त्या उमेदवाराचा माणूस पुढं कधी आला नाही. गाणं मतदानाच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाजलं आणि बंद झालं. त्या पोराशी बाजारात दोन-तीनदा गाठ पडली, तो अजून 'काका' म्हणून हाक मारतो. मीही बोलतो. त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याला एकदा द्यायचं आहे, पण भाजीच्या पिशव्या हातात असताना असलं बोलणं होत नाही.

गेल्या हंगामात गावातली काही नवी पोरं आली. ऊस परिषदेला जायचं होतं, गाणं पाहिजे होतं. मी जुनी वही काढली. पावतीवरचं गाणं मी नंतर त्या वहीत उतरवून ठेवलं होतं. त्यांना द्यायच्या आधी पेन घेतलं आणि 'सौभद्र'च्या पुस्तकात असायचं तसं डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं: चाल, 'सांगत्ये ऐका' मधली बुगडीची लावणी, संगीत वसंत पवार. एका पोरानं विचारलं, 'तात्या, हे पण म्हणायचं व्हय?'

म्हटलं, 'म्हणायचं. आधी हे म्हणायचं, मग गाणं.'

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. पण ट्रॉली सुटताना मी रस्त्याकडंला उभा होतो, तेव्हा त्यातल्या एकानं मोठ्यानं वसंत पवारांचं नाव घेतलेलं मी ऐकलं. मग हलगी सुरू झाली. हलगी कोण वाजवत होतं, ते मात्र वहीत लिहायचं माझ्याकडनं राहूनच गेलं आहे.